रक्त पातळ करायची गोळी आणि तांबडी भाजी: औषधांसोबत काय खायचं, काय नाही? (गोवेकरांनी जरूर लिहा)

सांजवात_डिचोली
नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या (वय ६४) हृदयाची एक झडप बदललीय, धातूची बसवलीय, आता त्यांना असेनोकुमारॉलची (रक्त पातळ करायची) गोळी कायमची, रोज संध्याकाळी. डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत लिहिलंय "हिरव्या पालेभाज्या टाळा", बस्स, त्यापुढे कोणी काही समजावून सांगितलं नाही. तेव्हापासून घरात पाल्याला बंदी. मेथी नाही, शेवग्याचा पाला नाही, तायकिळो नाही. त्यात आता श्रावण, मासे नाहीत, पालेभाजी पण नाही मग त्यांनी खायचं तरी काय, रोज बटाटा आणि वालपापडी? आणि एवढं सगळं पाळून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) कधी १.६ तर कधी ४.१! नणंद म्हणते तांबडी भाजी चालेल, ती कुठे हिरवी आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

पेडण्याची_पोर
वाचतेय. माझ्या मामांना पण हीच गोळी आहे. त्यांना कोथिंबीर सुद्धा वेचून काढायला लावतात बिचाऱ्यांना.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
ताई, नणंदेला सांगा रंगावर जाऊ नका :) तांबडी भाजी म्हणजे माठच, आणि माठाच्या पाल्यात के जीवनसत्त्व पालकापेक्षाही जास्त असतं. पालकात १०० ग्रॅमला ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास, कोबीत ७५ च्या आसपास, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १०० च्या घरात. म्हणजे वाटीभर तांबडी भाजीत चार-पाच दिवसांचं एकदम पोटात.

पण म्हणून बंद करायची असं नाही. लिव्हर के जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे घटक तयार करतं, ते काम ही गोळी अडवते. तुमच्या जेवणात के किती जातं आणि गोळी किती अडवते याचा मेळ बसला की आयएनआर एका जागी राहतो. पूर्ण बंदी केली की शरीरात साठा उरतच नाही, मग कुठे बारशाला गेलात आणि दोन घास मेथी खाल्लीत की आकडा धाडकन खाली. काउंटरवर मी बघतो ना, सगळ्यात कडक पथ्य पाळणाऱ्यांचेच आकडे जास्त उड्या मारतात. भाजी खायची, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. कोथिंबीर वेचायची तर काहीच गरज नाही, फोडणीवर चिमूटभर घातलेल्या कोथिंबिरीने काय होणार.

रोखठोक_मास्तर
आमच्या आजीने आयुष्यभर तांबडी भाजी खाल्ली आणि ९१ वर्षं जगली. हे सगळे आकडे लॅबवाल्यांचे धंदे आहेत.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
मास्तर, आजीच्या हृदयात धातूची झडप होती का?

रोखठोक_मास्तर
नव्हती. बरं मुद्दा मान्य.

स्टेथोस्कोप_सुटीवर
फिजिशियन आहे, सुटीवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वरचं फार्मासिस्ट साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त एक जोड. सांजवात, हे वाचून उद्याच भाजी सुरू करू नका. आत्ताचा डोस बिनभाजीच्या जेवणावर बसवलेला आहे, एकदम भाजी वाढली तर आयएनआर खाली जाईल आणि धातूच्या झडपेवर गुठळी होणं ही वाईट गोष्ट आहे, लकवा होऊ शकतो. आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा की आठवड्यातून अमुक वेळा भाजी सुरू करतोय, मग थोडी थोडी सुरू करा आणि तपासणी लवकर करून घ्या. झडप कुठली आहे त्यावर टार्गेट ठरतं, महाधमनीची असेल तर बहुतेक २ ते ३, मायट्रल असेल तर २.५ ते ३.५. तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल, बघा.

आता खरा प्रश्न. ४.१ आला त्याच्या आधीच्या आठवड्यात काही नवीन औषध घेतलं होतं का? दाताचं, तापाचं, कशाचंही?

सांजवात_डिचोली
अय्या हो! दाढ सुजली होती, दातांच्या डॉक्टरनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आत्ता रॅपर शोधून बघितलं, एक अमॉक्सिसिलिन आणि एक मेट्रोनिडाझोल. पण ते तर दातासाठी होतं.

स्टेथोस्कोप_सुटीवर
बघा. भाजीला उगाच फाशी दिलीत. मेट्रोनिडाझोल असेनोकुमारॉलचं लिव्हरमधलं विघटन मंद करतं, गोळी रक्तात साचत जाते आणि आयएनआर वर चढतो. कोट्रायमॉक्झाझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ही सुद्धा त्याच जातीची, तोंडातल्या बुरशीवर लावायचं मायकोनाझोलचं जेल सुद्धा, लोकांना वाटतं जेल तर आहे त्याने काय होतंय. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन तर अजिबात नको, पोटातून रक्तस्राव व्हायची भीती. पॅरासिटामॉल चालतं, पण ते सुद्धा रोज रोज भरपूर घेतलं तर आयएनआर थोडा चढवतं. दाताचा डॉक्टर, डोळ्याचा डॉक्टर, गल्लीतला डॉक्टर, प्रत्येकाला पहिलं वाक्य "मी रक्त पातळ करायची गोळी घेते" हेच. पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, त्यावर गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर. शौच काळी होणं, हिरड्यांतून रक्त, डोक्याला मार लागणं यातलं काही झालं तर घरी वाट बघत बसायचं नाही.

पेडण्याची_पोर
डॉक्टर, एक विचारू? माझा चुलतभाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो आता नवीन गोळ्या आल्यात, आयएनआर पण नको आणि पथ्य पण नको. मग ह्या जुन्याच का देतात?

स्टेथोस्कोप_सुटीवर
डॅबिगॅट्रान, अपिक्साबॅन वगैरे. हृदयाचे ठोके अनियमित असतात अशा बऱ्याच लोकांना त्या देतात आणि चांगल्या आहेत. पण धातूच्या झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवर चाचणी झाली होती, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त म्हणून मध्येच थांबवावी लागली, २०१३ साली निकाल छापून आले. त्यामुळे मामांची झडप धातूची असेल तर चुलतभावाचं ऐकू नका.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
सांजवात, अजून एक. १.६ आला तेव्हा स्ट्रिप बदलली होती का बघा. ही गोळी १, २, ३, ४ मिग्रॅमध्ये येते, दुकानात एक नसली की दुसरी देऊन "अर्धी करून घ्या" सांगतात, आणि अर्धी करताना तिचा चुरा होतो. आमच्याकडे एक आजोबा दाताने तोडून अर्धी घ्यायचे.

सांजवात_डिचोली
हे नवऱ्याला विचारावं लागेल, औषधं तोच आणतो. डॉक्टर, दादा, दोघांनाही देव बरें करूं. आयएनआरची तारीख पुढे होती ती अलीकडे घेतो.

काजूबोंडू
मेट्रोनिडाझोलचा विषय निघालाच आहे तर माझा एक बालिश प्रश्न (हसू नका). त्या गोळीबरोबर फेणी घेतली तर खरंच उलट्या होतात का, की डॉक्टर असेच घाबरवतात? कारण आमच्या वाड्यावरचा एक जण म्हणतो काही होत नाही, त्याने घेतलीय.

स्टेथोस्कोप_सुटीवर
प्रामाणिक उत्तर देतो. चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, डोकं ठणकणं अशी रिअॅक्शन काही लोकांना होते असं बऱ्याच वर्षांपासून लिहिलं जातं, अलीकडे काही अभ्यासकांनी ती किती जणांना खरंच होते यावर शंका घेतलीय. म्हणजे तुमच्या वाड्यावरचा माणूस खोटं बोलत नसेल. पण औषधाच्या माहितीपत्रकावर सूचना कायम आहे की कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू नको, टिनिडाझोललाही तेच. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, तेव्हा पाच दिवसांच्या कोर्ससाठी एवढी घाई कशाला.

तुमच्या वाड्यावर मला जास्त भीती वेगळ्याच जोडीची वाटते, रोजची दारू आणि पॅरासिटामॉल. निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, रोज पिणाऱ्याला त्याहून बरीच कमी. आणि लोक ६५० ची गोळी वेगळी घेतात, वर सर्दीची गोळी घेतात, तिच्यातही पॅरासिटामॉल असतंच, ते कोणी मोजत नाही. आणि दिवाळीआधीची घरसफाई असो की चवथीची (गणपतीची), अंग दुखलं की अजून एक.

रानातली_वाट
अवांतर: आसव-अरिष्टं पण दारूत धरायची का? सासरे रोज अशोकारि... सॉरी दशमूलारिष्ट घेतात, दोन झाकणं.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
त्यात किण्वनातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलेलं पण असतं, कधी वाचा. दोन झाकणांनी कोणी झिंगत नाही पण मेट्रोनिडाझोल चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर सांगायला हवं. माझा जुना राग हाच आहे, लोक विचारलं की म्हणतात "औषधं? एक बीपीची फक्त." आणि मग हळूहळू निघतं, काढा, कारल्याचा रस, हळदीच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी कोणी तरी दिलेली पुडी. स्वयंपाकातली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. कारल्याचा रस आणि ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) एकत्र घेऊन साखर खाली गेलेली माणसं मी खुर्चीवर बसवून ग्लुकोज पाजलंय.

रोखठोक_मास्तर
पुडीतल्या भस्मांबद्दल पण लिहा. अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधं गोळा करून तपासली होती, ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, २००४ मध्ये छापून आलं होतं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, स्वतः घेतो, पण लेबल नसलेली पुडी नाही.

बाणावलीचा_वारा
सगळे भाजीवर बोलताय म्हणून मी मासळीवर येतो. माझ्या भावाला टीबीचे उपचार चालू आहेत, सरकारी गोळ्या. परवा दुपारी बांगड्याचं हुमण जेवला, अर्ध्या तासात तोंड लालेलाल, डोकं फुटल्यासारखं, छातीत धडधड. आईला वाटलं गोळ्यांची अॅलर्जी आणि तिने दुसऱ्या दिवसाची गोळीच दिली नाही. त्याच बांगड्याने घरात बाकी कोणाला काही झालं नाही. हे काय प्रकरण आहे?

स्टेथोस्कोप_सुटीवर
गोळी आजच सुरू करा आणि उपचार जिथे चालू आहेत तिथे सांगा, आधी हे. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणं हे त्या लाल तोंडापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

आता कारण. मी भावाला तपासलेलं नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण वर्णन अगदी पुस्तकातलं आहे. बांगडा, कुपा, तारले असल्या गडद मांसाच्या माशात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. मासा पकडल्यावर बर्फाशिवाय उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि तोंड लाल होणं, धडधड, डोकेदुखी ही त्या हिस्टामिनचीच. वासावरून दर वेळी कळत नाही आणि महत्त्वाचं म्हणजे शिजवून, तळून ते जात नाही. साध्या माणसाच्या आतड्यात थोडं हिस्टामिन मोडून टाकणारं एन्झाइम असतं म्हणून तुम्हाला बाकीच्यांना काही झालं नाही. टीबीच्या गोळ्यांत आयसोनायझिड असतं, ते नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. म्हणून एकट्या भावाला.

म्हणजे ही बहुतेक अॅलर्जी नाही. पण श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर मात्र थेट १०८.

बाणावलीचा_वारा
हुश्श. मग आता सहा महिने मासे बंद? तो जेवणारच नाही हो. आधीच काटकुळा झालाय.

स्टेथोस्कोप_सुटीवर
बंद कशाला, टीबीत प्रोटीन तर पाहिजेच, त्यासाठी सरकार निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये देतं, मिळतात का बघा. बांगडा-कुपा-तारले सध्या बाजूला ठेवा, सुकं आणि खारवलेलं पण. सुंगटं (कोळंबी), मुडदुशी, पापलेट खाऊ दे, मात्र बर्फातली, ताजी, आणून लगेच फ्रीजमध्ये. अंडी, डाळ आहेच. आणि लघवी नारिंगी होईल ती टीबीच्याच गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे, घाबरून गोळी बंद करणारे त्यानेही असतात. डोळ्यांना अंधुक दिसलं, रंग ओळखता येईनासे झाले, डोळे पिवळे झाले, खाण्यावरची वासना उडाली तर मात्र लगेच दाखवा.

पेडण्याची_पोर
बापरे. आमच्याकडे पावसात मासेमारी बंद असते तेव्हा दोन महिने सुकं खाऊनच काढतो. हे कोणी सांगतच नाही.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
सांगणार कोण, कागदावर "फिश अव्हॉइड" लिहिलं की झालं.

माटोळीवाली
चवथ जवळ आली म्हणून विचारते. वडिलांची किडनी बदललीय, टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) घेतात. माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या चौकटीला) तोरंजां बांधतो ना आम्ही, विसर्जन झालं की ती सोलून सगळ्यांना वाटतो. कोणी तरी म्हणालं ते फळ त्यांना नको. खरं आहे का? एवढंसं फळ ते.

स्टेथोस्कोप_सुटीवर
खरं आहे, आणि हा माझा आवडता विषय. १९८९ मध्ये कॅनडात एका टीमने फेलोडिपिन नावाच्या बीपीच्या औषधावर दारूचा परिणाम बघायचं ठरवलं. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस मिसळला, आणि औषध रक्तात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त चढलं. पुढे कळलं की दोष दारूचा नाही, रसाचा. आतड्याच्या आवरणात औषधांचा काही भाग तिथल्या तिथे मोडणारं एन्झाइम असतं, ग्रेपफ्रूट ते निकामी करतं, आणि नवीन तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून "सकाळी फळ, रात्री गोळी" ही आयडिया इथे चालत नाही. तोरंजां म्हणजे पपनस, ग्रेपफ्रूटचं जवळचं नातेवाईक, त्यातही तेच घटक. टॅक्रोलिमसची मात्रा फार बारीक सांभाळावी लागते, जास्त झाली तर नवी किडनीच बिघडते. माटोळीला खुशाल बांधा, वडिलांच्या वाट्याला संत्रं-मोसंबी द्या, ती चालतात. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, अॅटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी पण पपनसाचा फडशा पाडू नये.

आडसर_प्रेमी
आता शहाळ्यावर पण काही निघणार असं दिसतंय :( आमच्या दारात माड आहेत, बाबा रोज दोन आडसरं पितात. बीपीला टेल्मिसार्टन, आणि पाय सुजतात म्हणून अजून एक गोळी, स्पायरोनोलॅक्टोन.

स्टेथोस्कोप_सुटीवर
निघणार :) शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला साधारण २५० मिग्रॅ पोटॅशियम. दोन आडसरं म्हणजे सव्वा-दीड ग्रॅम सहज. तुमच्या बाबांच्या दोन्ही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. किडनी ठणठणीत असेल तर एखादं कधीतरी चालून जातं, पण रोज दोन नकोत, निदान रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिअॅटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) बघितल्याशिवाय तरी. जास्त झालं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी फारसं लक्षण दिसत नाही. "लो सोडियम" मीठ आणत असाल तर तेही थांबवा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

रानातली_वाट
थायरॉइडवाल्यांसाठी मी लिहिते, मला बरीच वर्षं आहे. सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, मग निदान अर्धा तास, जमलं तर तास काही नाही. पोदेराची (पाववाल्याची) घंटा वाजली की चहा-पाव खाऊन मग आठवण येते त्यांनी गोळी ब्रशच्या शेजारी ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. लोहाची गोळी चहाबरोबर तर अजिबात नको, लिंबूपाण्याबरोबर बरी.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
+१. आणि शेतात पाणी साचलेलं असताना काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊ नये म्हणून आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिन देतात, ती भरपूर पाण्याबरोबर आणि बसून घ्या, घोटभर पाण्यात गिळून आडवं झालं की घशाखाली अडकते आणि अन्ननलिकेला जखम करते.

धागा वाहतोय तर एक अगदी महत्त्वाचं. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट कोणाच्या घरात असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, बहुतेक गोळ्या रोजच्या असतात म्हणून म्हातारी माणसं सवयीने रोज घेतात, आणि त्याने रक्तपेशी संपून माणसं गेलीत. वार ठरवा आणि स्ट्रिपवर पेनाने मोठा "सोमवार" लिहा. फॉलिक अॅसिड वेगळं, पिवळी-पिवळी दिसते म्हणून अदलाबदल करू नका.

बाणावलीचा_वारा
भावाचं अपडेट: गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. सेंटरवरच्या ताईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या औषधाचा असा त्रास झाला तर कळवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे, पेशंट स्वतः पण कळवू शकतो. मला माहीतच नव्हतं.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
हो, तो भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा, गाझियाबादहून चालतो. खात्री नसली तरी, नुसती शंका असली तरी कळवता येतं. आपल्याकडे कोणी कळवत नाही आणि मग म्हणतात ह्या गोळीचा कोणालाच त्रास नाही.

सांजवात_डिचोली
नवऱ्याला विचारलं. फार्मासिस्ट दादा, तुमचा अंदाज बरोबर, मध्ये ३ ची नव्हती म्हणून २ ची आणली होती आणि "एक आणि अर्धी" असं ठरलं होतं, सासूबाई एकच घेत होत्या. आता डॉक्टरांशी बोललो, त्यांनी आठवड्यातून दोनदा एक लहान वाटी पालेभाजी चालेल म्हटलं, दहा दिवसांनी आयएनआर. सासूबाईंनी पहिली काय मागितली असेल? तांबडी भाजी, खोबरं घालून. नणंद अजून म्हणतेय बघ मी सांगत होते.

काजूबोंडू
हाहा. शेवटचा एक प्रश्न मग मी गप्प. पावसात आमच्याकडे लाइट जाते ती जातेच, आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. फेकायचं का दर वेळी?

फोंड्याचा_फार्मासिस्ट
नाही हो. न उघडलेलं २ ते ८ अंशात ठेवायचं, पण लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, काही तास आतली थंडी टिकते. जास्त वेळ गेली तर मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात डबीत बंद करून ठेवा. वापरात असलेली कुपी खोलीतच चालते, २५-३० अंशांपर्यंत, बहुतेकांना साधारण चार आठवडे, खोक्यावर लिहिलेलं असतं ते धरा, उघडल्याची तारीख लिहून ठेवा. घाबरून बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी कामाचं नसतं, ते मात्र फेकायचं. आणि गढूळ नसायला हवं ते गढूळ दिसलं किंवा गुठळ्या दिसल्या तर दुकानात घेऊन या, आम्ही बघून सांगतो.